खालची कडी

सावरघाटावर धुण्याचे आठ दगड होते. सात एका ओळीत, एकमेकांपासून हातभर अंतरावर; आठवा त्यांच्या खाली, अकरा पावलांवर. पैनगंगा तिथे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहायची, त्यामुळे सात दगडांवर जे काही धुतलं जाई ते आठव्या दगडाला लागूनच पुढे जाई. हिवाळ्यात पाणी संथ असलं की वरच्या दगडावरून सुटलेला राखेचा करडा फेस आठव्यापर्यंत यायला वीस आकडे मोजावे लागत. मंजुळाबाईला वीसपर्यंत मोजता येई ते या फेसामुळे. फेस आला की ती लुगडं पाण्याबाहेर उचलून धरी, फेस पुढे जाऊ देई आणि मग पुन्हा बुडवी. बारा वर्षं ती असंच धूत आली होती.

वस्ती भोयांची होती. आठच घरं. त्यांचे आजे-पणजे हिंगोलीच्या छावणीत साहेबांचे मेणे वाहायचे. छावणी उठली, साहेब गेले, मेण्यांना वाळवी लागली. खांदे रिकामे झालेली माणसं मग नदीवर आली आणि मासे धरू लागली. नदीच्या अलीकडे निजामाची मोगलाई, पलीकडे इंग्रजांचं वऱ्हाड. आठ महिने माणूस गुडघ्याएवढ्या पाण्यातून एका राज्यातून दुसऱ्या राज्यात चालत जाई. उरलेले चार महिने नदी कुणाचीच नसे, आणि तेवढे चार महिने लोकांना भोई लागत. टेकाडावरच्या वरगावातून त्यांना सुगीला जोंधळा मिळे. तोही ओसरीवरून नव्हे, खळ्यावरून, आणि लांबून ओरडून मागितल्यावर.

पार करायला नाव नव्हती. गूळ रांधायची एक जुनी लोखंडी काहील होती, दीड पुरुष रुंद, मांडीइतकी खोल. तिच्या काठाला चार कड्या ठोकलेल्या होत्या आणि चार कड्या चार जुन्या घरांच्या होत्या. पुढची, मागची, वरची, खालची. छातीला वाळलेले भोपळे बांधून चार गडी चार कड्या धरत आणि पोहत काहील नेत. काहिलीत बांबू घेऊन उभा राही तो हाक देणारा. तो म्हणेल तेव्हा सुटायचं, तो म्हणेल तिकडे ओढायचं. एकदा त्याने "हो" म्हटलं की काठ येईस्तोवर कुणी तोंड उघडायचं नाही, अशी रीत. पुरात चार माणसं चार गोष्टी ओरडू लागली तर कुणीच वाचत नाही, हे त्या रीतीमागचं कारण. कारण बरोबरच होतं.

खालची कडी सर्वांत अवघड. तिचा गडी प्रवाहाच्या खालच्या अंगाला असे. मधोमध, पाण्याच्या आत, काळ्या दगडाची एक पाठ होती. तिला रेडा म्हणत. काहील रेड्यावर गेली तर खालचा गडी लोखंड आणि दगड यांच्या मध्ये येई. म्हणून काहील घाटावरून कधी सोडायची नाही. दोरानं ओढत दोनशे पावलं वर, उंबरापाशी न्यायची आणि तिथून सोडायची. मग पाणी खाली रेटत असलं तरी काहील रेड्याच्या वरूनच पलीकडे लागे.

छत्तीस सालच्या श्रावणात, सोमवारी, ती घाटावरून सुटली.

वरगावचे पाटील उत्तमराव यांचे वाशीमकडचे पाहुणे औंढ्याला नागनाथाचं दर्शन करून परतत होते. आभाळ भरून आलं होतं. पाहुणे चिखलात उभे राहायला तयार नव्हते. घाटावरच काहिलीत बसले आणि बसल्यावर उतरेनात. हाक देणारा सोनाजी होता. त्याने उंबराकडे पाहिलं, पाटलाकडे पाहिलं आणि म्हणाला, "हो."

खालच्या कडीवर मंजुळाबाईचा नवरा संतराम होता. काहील रेड्यावर गेली, तिरपी झाली, भरली. तिघं बुडाले. त्यात उत्तमरावांची मेहुणी होती.

दुसऱ्या दिवशी उत्तमराव घोड्यावरून वस्तीत आले. उतरलेही नाहीत.

"कडी कोणी सोडली?" त्यांनी विचारलं. "नाव सांगा. न्हाई तर घाट दुसऱ्याला देतो आन् तुमचं चंबूगबाळं याच नदीत."

तीन गडी पाण्याकडे पाहत राहिले. सोनाजी म्हणाला, "संतरामानं."

कडी सुटली होती एवढं तर खरंच होतं. पंच बसले. संतरामाच्या घराची कडी बंद झाली आणि घर वाळीत पडलं. धुण्याचा दगड अकरा पावलं खाली गेला. विस्तव बंद, बसणं-उठणं बंद, सोयरीक बंद. परत यायचं तर दसऱ्याला, काहिलीच्या पूजेनंतर, पंचांपुढे ओंजळीत नदीचं पाणी घेऊन तीन शब्द म्हणायचे: "चूक आमच्या घराची." आणि वस्तीला जेवण घालायचं.

संतराम ते म्हणाला नाही. दुसरंही काही म्हणाला नाही. एकदाच, भाकरी मोडता मोडता, मंजुळाबाईला म्हणाला होता, "मी वरडलो व्हतो."

"मंग?" तिने विचारलं.

तो भाकरी मोडत राहिला. तू कडी सोडलीस का, हे तिला विचारता आलं असतं. तिने विचारलं नाही. तिला वाटलं, ज्याला सोडायची असती तो ओरडला कशाला असता? या एका विचारावर तिने पाच वर्षं काढली. एकेचाळीस साली तो तापाने गेला, तेव्हा विचारायचं राहूनच गेलं.

त्या दिवशी सात घरांची दारं लावलेली होती. खांदा द्यायला तिचा भाऊ तेवढा आला होता. दुपारी वरगावचा नासेर चुडीवाला आपली बैलगाडी घेऊन आला. काचेच्या बांगड्यांचे हारे त्याने गाडीतून काढून झाडाखाली ठेवले.

"दोन खांद्यांवर मयत नाही जाती, मंजुळाबाई," तो म्हणाला. "गाडीत ठेवू. तुमची हरकत नसंल तर."

तिची हरकत नव्हती. नासेर त्यानंतरही येत राहिला. वस्तीतल्या बाया बांगड्या भरून घेताना मंजुळाबाईच्या लेकीला, द्वारकेला, जवळ बसू देत नसत. म्हणून तो त्यांचं आटोपलं की खाली मंजुळाबाईच्या दारात येई आणि त्या पोरीच्या हातात बांगड्या भरी. "राणीसाहेब शेवटी येतात," असं म्हणे. पोरगी हसे. एरवी ती फार हसत नसे.

दर दसऱ्याला सोनाजी पंचांमध्ये बसे आणि विचारी, "बोलती का, मंजुळे?"

ती लांब उभी राही. ओंजळ रिकामी. "येत्या सालाला बघते," ती म्हणे.

"बघ बघ," सोनाजीची बायको सखुबाई मागून म्हणे. "लेक म्हातारी झाली की बघ. आरसा आणून देऊ का?"

बाया हसत. मंजुळाबाई घरी येई. "न्हाई" म्हणायला तिच्याजवळ पुरावा नव्हता आणि "व्हय" म्हणायला जीभ उचलत नव्हती. असं वर्ष उलटे.

अठ्ठेचाळीस साल उजाडलं तेव्हा द्वारका सोळाची होती. तिच्या वयाच्या पोरींच्या कडेवर लेकरं होती. साखऱ्याच्या बाजारात मासे विकायला ती आईबरोबर जाई आणि परत येताना एक शब्द बोलत नसे. बोललीच तर तेच बोले.

"तीन शब्द हायेत, माय. इतके मासे विकायला वरडतीस, तीन शब्द जड झाले?"

"तुझ्या बापाचं नाव हाय त्याच्यात."

"बाप गेला. मी हाय ना अजून?"

मंजुळाबाई पाटी डोक्यावरून कडेवर घेई आणि चालू लागे.

त्या उन्हाळ्यात मुलूखच बिघडला. निजामाच्या बाजूची खाकी कपड्यांतली टोळकी गावोगाव हिंडू लागली. वरगावातून त्यांत एक गेला, नासेरचा मेहुणा फारुक. लोक रातोरात वऱ्हाडात जाऊ लागले. पलीकडच्या तांड्यातला धर्मसिंग, ज्याला पंचांनी संतरामाच्या जागी खालच्या कडीवर लावलं होतं, तोही आपलं बिऱ्हाड घेऊन निघून गेला. आपल्या माणसाची कडी तांड्यावरच्या माणसाला दिली पण तिच्या भावाला दिली नाही, हे मंजुळाबाईच्या मनात बारा वर्षं रुतून होतं. पण धर्मसिंगचं तिला कधी वाईट वाटलं नाही. तो बिचारा तिच्या दगडाजवळून जाताना मान खाली घालून जाई.

भाद्रपदात हिंदुस्थानची फौज आली. पाच दिवसांत निजामाचं राज गेलं. फारुक तर पहिल्याच दिवशी पळाला होता. राहिला नासेर.

फौज पुढे गेल्यावर चौथ्या दिवशी, दुपार कलताना, तो घाटावर आला. बरोबर बायको नजमा, तिच्या पोटाशी तान्हं, आणि सहा वर्षांची इशरत. नदी दोन्ही थड्या भरून, गढूळ. नासेरच्या डोक्याला फडकं बांधलेलं होतं आणि त्यातून रक्त कानापर्यंत आलं होतं.

"पार लावता का, सोनाजीबापू?" तो म्हणाला. "वाशीमला नजमाचा चुलता आहे. गावात आता... गावात नाही राहता येत."

सोनाजीचा पुतण्या लिंबाजी पुढच्या कडीचा गडी. विशीचा, रुंद छातीचा. तो म्हणाला, "तुमच्या मेव्हण्यानं लोकायला पळवलं तवा न्हाई आठवला आमचा घाट?"

"फारुकला मी दोनदा घराबाहेर काढला, भाऊ. तिसऱ्यांदा तो आलाच नाही."

"ते त्या लोकायला सांगा. येऊन राहिले मागून. मला काहून सांगता?"

सोनाजी बांबूवर हनुवटी टेकून उभा होता. साठीला आला होता. तो म्हणाला, "घाटावर उभ्या राहिलेल्या माणसाला आपून कधी परत धाडलं न्हाई, लिंबाजी. छत्तीसच्या सालातबी न्हाई."

"गडी तीन हायेत. खालच्या कडीला कोण?"

तिघांनी काहील धरली तर ती भोवऱ्यासारखी फिरते; ते वस्तीतल्या लेकरालाही माहीत होतं.

मंजुळाबाई आपल्या दारातून चालत आली. छातीला भोपळे बांधलेले होते. बारा वर्षं एकटीने जाळं टाकायचं म्हणून ती रोज ते बांधत आली होती.

"ती कडी माझ्या घराची हाय," ती म्हणाली.

लिंबाजी मागे सरला. "वाळीतल्या बाईचा हात? काहील बाटल ना!"

नासेर थकल्या आवाजात म्हणाला, "आम्ही बसलो की ती बाटलेलीच, भाऊ. दोन वेळा कशी बाटेल?"

मागच्या कडीचा गडी फिसकन हसला आणि लगेच थांबला. सोनाजीने मंजुळाबाईकडे पाहिलं, पण डोळ्यांत नाही, तिच्या हातांकडे. "धर," तो म्हणाला.

इशरत चिखलात रुतली होती. द्वारकेने तिला उचलून काहिलीत ठेवलं. पण पोरीने तिच्या गळ्यातले हात सोडले नाहीत. शेवटी द्वारकाही आत बसली. त्यांनी दोर घेतला आणि काहील उंबराकडे ओढायला सुरुवात केली. तीस-पस्तीस पावलं गेली असतील. वरच्या शेताच्या बांधावर माणसं दिसली, पंधरा-वीस. हातांत काठ्या आणि कुऱ्हाडी. एकाने ढेकूळ फेकलं. ते काहिलीवर वाजलं.

सोनाजीने उंबराकडे पाहिलं. मग बांधाकडे.

"हो!"

मंजुळाबाईला कळलं की अंतर पुरणार नाही. रीत अशी की आता बोलायचं नाही. ती बोलली नाही. पाण्यात पडल्याबरोबर काहिलीचं वजन तिच्या खांद्यात उतरलं. चौघं जोरानं पाय मारत होते. पण पलीकडे दहा हात सरकलं की पाणी वीस हात खाली नेत होतं. नदीच्या मध्यावर तिच्या पायाच्या टाचेला दगड लागला. शेवाळाचा, गुळगुळीत. पुढच्याच क्षणी काहिलीचा काठ तिच्या छातीवर आला आणि एक भोपळा फुटला.

तिची पाठ रेड्याला टेकली होती. समोर लोखंड होतं आणि त्यामागे सगळी नदी. कडी तिच्या उजव्या मुठीत होती. ती धरून ठेवली असती तर काहील थांबली नसती, फक्त बरगड्या मोडल्या असत्या. हे समजायला तिला अर्धा श्वास पुरला. आणि त्याच अर्ध्या श्वासात तिला दुसरंही समजलं: या जागेवर जो कोणी होता, त्याने कडी सोडलीच असणार. आणि सोडण्याआधी ओरडला असणार. आत बसलेल्यांना कळावं म्हणून.

"सुटते!" ती ओरडली, मूठ उघडली आणि खाली बुडी मारली.

पाण्याखालून तिने सोनाजीचा आवाज ऐकला. असा आवाज त्याला होता हे तिला माहीत नव्हतं. "दगडाकडं झुका! समदे दगडाकडं! पळू नका, दगडाकडं!"

काहील दगडाला अडली की माणूस दगडापासून दूर सरकतो, भीतीने सरकतो. मग प्रवाहाकडचा काठ खाली जातो आणि नदी आत शिरते. छत्तीस साली तेच झालं होतं. या वेळी द्वारकेने इशरतसकट स्वतःला खालच्या काठावर लोटलं, नजमाला पदराला धरून ओढलं, नासेर त्यांच्यावर पडला. प्रवाहाकडचा काठ चार बोटं वर उचलला गेला. काहील दगडावर घासली, कर्कश वाजली, अर्धी गिरकी घेऊन पलीकडे निसटली.

मंजुळाबाई खाली शंभर पावलांवर काठाला लागली. उजव्या कुशीचं कातडं गेलं होतं.

नासेरने जाताना तिचे पाय धरायला हात केला. तिने तो वरच्यावर धरला. इशरत द्वारकेला सोडेना, तेव्हा नजमाने तिचं एकेक बोट सोडवलं. ती चौघं वाशीमच्या वाटेला लागली आणि बाभळींच्या आड गेली.

लिंबाजी आणि बाकीचे काहील काठावर चढवत होते. सोनाजी फेट्याचं पाणी पिळत मंजुळाबाईच्या जवळ आला. जवळ म्हणजे तीन हातांवर. बारा वर्षांत तो इतक्या जवळ उभा राहिला नव्हता.

"त्यानंबी असंच वरडलं व्हतं," तो नदीकडे पाहत म्हणाला.

"तुमी ऐकलं व्हतं?"

"ऐकलं व्हतं."

"आन् मंग?"

"दगडाकडं झुका म्हनायचं, ते ठावं व्हतं मला. माझ्या बापानं शिकवलं व्हतं." त्याने फेटा पुन्हा पिळला, पाणी उरलं नव्हतं तरी. "तोंड उघडलं न्हाई, मंजुळे. निस्तं उघडलंच न्हाई."

"दुसऱ्या रोजी तर चांगलं उघडलं."

सोनाजी काहिलीकडे गेला.

दसऱ्याच्या तीन दिवस आधी तो तिच्या दारात आला. बसला नाही, उंबऱ्याच्या बाहेर उभा राहिला. मंजुळाबाई जाळं शिवत होती. द्वारका चुलीपाशी होती. चुलीत स्वतःच्याच गारगोटीचा विस्तव.

"दसऱ्याला तेवढं बोलून टाक," सोनाजी म्हणाला. "दंड न्हाई. जेवण न्हाई. लिंबाजीला तुझी द्वारका करतो. सखूनं कुरकुर केली, म्या गप बसवली."

चुलीवरचं फुंकणं थांबलं.

"मी बोलायचं," मंजुळाबाई म्हणाली. "आन् तुमी काय बोलणार, बापू?"

"मी पंच हाय. पंचानं ऐकायचं असतं."

"ऐकता तर तुमी छत्तीसच्या सालापासून."

सोनाजीने आवाज खाली आणला. "ऐक. राज बदललं, पाटील तोच हाय. तोच आता टोपी घालून नव्या साहेबांच्या मागंपुढं करून राहिला. त्याची मेव्हणी माझ्या हाकेनं मेली असं त्याला कळलं तर घाट ऱ्हातो का? आठ घरं हायेत. तुझं धरून आठ. माझं सोड, मी म्हातारा. ह्या लेकरायनं खायचं काय?"

"माझं घर धरून आठ," ती म्हणाली. "आज धरलं व्हय? बारा साल तुमी सातच मोजत व्हता."

"तोंड लई झालं तुझं."

"पाणी पिऊन झालं. तुमच्या लुगड्या-धोतरांचं."

तो थुंकला आणि गेला. थुंकला तो बाजूला, तिच्या अंगणात नव्हे. एवढं तिने पाहिलं.

द्वारकेने भाकरी तव्यावरून काढली ती करपली होती. "काय मागितलं त्यानं जास्तीचं?" ती म्हणाली. "लिंबाजी वाईट हाय का? खातोय, पितोय, पोहतोय."

"त्यानंच म्हटलं ना, काहील बाटल?"

"समदेच म्हनतात! म्हनणारे सोडून पोरगा कुठून आणतीस? नदीतून?"

मंजुळाबाईने सुई जाळ्यात खोवली. "तू काहिलीत व्हतीस. म्या कडी सोडली का न्हाई?"

"सोडली."

"चूक व्हती?"

द्वारका मूर्ख नव्हती. दगड कुठे होता, काठ कुठे होता, तिने पाहिलं होतं. "न्हाई," ती म्हणाली. "पर मला त्याचं काय करायचं हाय, माय? बरोबर असून अकरा पावलं खाली आन् चूक म्हनून वर. मला वर धुवायचं हाय. बापाची लाज तुला, मला माझी."

"व्हय," मंजुळाबाई म्हणाली. पोरीचं म्हणणं खोटं नव्हतं, आणि तेच तिला सर्वांत जास्त लागलं.

तीन दिवस दोघी बोलल्या नाहीत. दसऱ्याच्या सकाळी मंजुळाबाई धुवट लुगडं नेसली. द्वारका दारात आडवी उभी राहिली.

"बोलायचं तर बोल," ती म्हणाली. "न्हाई तर न्हाई म्हण. पर औंदा 'बघते' म्हनून परत येऊ नको. आलीस तर मी मामाकडं जाईन आन् तुला तोंड दावणार न्हाई."

"वाट सोड."

"सोडली."

काहील पाण्याबाहेर काढून उपडी ठेवली होती. तिच्यावर शेंदूर, झेंडूची माळ, आपट्याची पानं. रेड्यावर घासल्याचा पांढरा ओरखडा हळदीखाली झाकलेला होता. त्या वर्षी पंचांबरोबर बाजेवर उत्तमराव पाटीलही बसले होते. डोक्यावर नवी पांढरी टोपी. नव्या राजात घाट कुणाकडे राहणार हे ठरायचं होतं, आणि ते ठरवणाऱ्यांपर्यंत वस्तीचं नाव पाटीलच नेणार होते. सोनाजीने त्यांना मुद्दाम बोलावलं होतं, की ते आपणहून आले होते, मंजुळाबाईला कळलं नाही.

सात घरं बसली होती. लिंबाजी काहिलीला टेकून उभा होता, नवं धोतर नेसून. द्वारका आईच्या मागे, पण चार हात लांब. मंजुळाबाई नदीकडे गेली, ओंजळ भरून परत आली. ओंजळ भरलेली पाहून बायांत कुजबूज झाली. सखुबाई म्हणाली, "आली बाई एकदाची ठिकाणावर." पण या वेळी कुणी हसलं नाही.

सोनाजीने घसा खाकरला. "बोलती का, मंजुळे?"

तिने त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांत धमकी नव्हती, विनवणी होती. तिला धमकी सहज झेपली असती. बाजेवरचे उत्तमराव मिशीवरून बोट फिरवत होते. त्यांना हे लवकर उरकायला हवं होतं. लिंबाजी द्वारकेकडे पाहत होता आणि द्वारका जमिनीकडे. पाणी बोटांमधून मनगटावर, मनगटावरून कोपराकडे उतरत होतं. कुशीतली जखम अजून ओली होती; ओंजळ वर धरली की ती ओढली जाई.

"संतरामानं कडी सोडली," ती म्हणाली.

उत्तमरावांचं बोट थांबलं. सोनाजीने डोळे मिटले आणि सुटकेचा श्वास घेतला.

"मीबी सोडली," ती पुढे म्हणाली, तितक्याच आवाजात. "महिना झाला. त्याच जागी. काहिलीत बसलेले जित्ते हायेत, त्याच्यातली एक माझ्या मागं उभी हाय. दगडावर गेल्यावर कोणाचीबी कडी सुटती. काहील दगडावर काहून गेली, ती कुठून सोडली व्हती, हे ज्याला ठावं हाय त्यानं आपल्या तोंडानं सांगावं. त्याचं नाव मी घेणार न्हाई."

"मंजुळे!" सोनाजी अर्धा उठला.

"तुमी दर सालाला इचारता, बापू, आन् मी दर सालाला बघते म्हनते. आता बघून झालं. माझी लेक वर बसो का खाली, लगीन होवो का न होवो, तिनं मला शिव्या दिल्या तरी बराबर हाय. चूक आमच्या घराची न्हाई. ते तीन शब्द मी म्हणणार न्हाई."